त्या पिक्चरला मी अजूनही दोनच देते

रंजना, तुझ्याबद्दल सगळे इतकं चांगलं बोलतायत की मला तिथं बसवत नाही.

मोशीच्या चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. तुझ्या लेकीच्या, पल्लवीच्या कॉलेजच्या कार्यक्रमातला तुझा फोटो कापून घेतलाय, मागं ढग, आणि खाली ‘सोशिक, प्रेमळ, कुटुंबवत्सल’. कंपनीतल्या आपल्या लाईनवरच्या बायकांच्या ग्रुपवर दोन दिवस नुसते जोडलेले हात येत होते. मंदाताईनं लिहिलं, ‘शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही. अशी बाई पुन्हा होणे नाही.’ ते वाचलं आणि फोन पर्समध्ये टाकून दिला. कळू दिलं नाहीस, हीच तर माझी तक्रार आहे. आणि त्याचाच सगळ्यांनी हार करून तुझ्या फोटोला घातलाय.

कंपनीत शिफ्टच्या आधी आम्ही सगळ्या तुझ्यासाठी उभ्या राहिलो. लाईन लीडर म्हणाला, ‘आपल्या रंजनाताईंना श्रद्धांजली.’ माना खाली घातल्या न घातल्या तोच बझर झाला आणि वायरी बांधायचे बोर्ड सरकायला लागले. गाड्यांच्या वायरी कुणासाठी थांबत नाहीत. तुझ्या जागी बार्शीकडची एक मुलगी आली आहे. टेप गुंडाळायला तिचा हात चांगला चालतो. तुला हे ऐकून बरं वाटलं नसतं, म्हणूनच सांगते.

मी ह्या लाईनवर आले तेव्हा कशी होते ते तुझ्याएवढं कुणाला माहीत नाही. नवऱ्याचं घर सोडून उदगीरहून आले होते. मोशीत एक खोली, एक गॅस, एक बादली. कँटीनमध्ये पहिल्या दिवसापासून चौकशा सुरू झाल्या. मिस्टर कुठं असतात, मूलबाळ किती, सणाला गावाकडं जाणार का. तू समोर बसून डबा खात होतीस. तू काही विचारलं नाहीस. दोन आठवडे काही विचारलं नाहीस, मला वाटलं शिष्ट आहेस.

मग एकदा बसमध्ये शेजारी येऊन बसलीस आणि म्हणालीस, ‘गुरुवारी काय करतीस गं?’

‘कपडे धुते.’

‘सकाळीच धू. दुपारी पिक्चरला चल माझ्यासंगं.’

‘माझं मन नाही.’

‘मनाचं काय काम आहे तिथं? अंधारात तीन तास बसायचं. कुणी काही इचारत नाही.’

परभणी सोडून तुला किती वर्षं झाली होती, पण बोलणं तसंच होतं. मी आले, ते तुझ्या त्या शेवटच्या वाक्यासाठी.

आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. सगळ्या जगाचा रविवार असतो तेव्हा आपण हातात वायरी सोलायचा स्ट्रिपर धरून उभ्या असायचो. आणि पिक्चर लागतात शुक्रवारी. म्हणजे आपण नेहमी पोचायचो ते पिक्चर उतरायच्या दिवशी. चिंचवडच्या त्या थेटरात दुपारच्या शोला आपण दोघी, कोपऱ्यात एखादं कॉलेजचं जोडपं आणि गारव्यात झोपायला आलेला एखादा माणूस. गर्दीत बसून आपण पिक्चर कधी पाहिलाच नाही. शिट्ट्या वाजवायला कुणी नसायचं, त्यामुळं पिक्चर चांगला आहे की वाईट हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागायचं.

पहिल्या दिवशी बाहेर पडल्यावर मी बोलायला लागले तर तू हात वर केलास. ‘आत्ता नाही. उद्या बसमधी सांग. रातभर मुरू दे.’ दुसऱ्या दिवशी सकाळी बस चाकणच्या रस्त्याला लागली आणि तू विचारलंस, ‘हं, किती देशील? धापैकी.’

मी म्हणाले, पाच.

‘कामून पाच?’

रंजना, कितीतरी वर्षांत मला कुणी ‘का’ म्हणून विचारलं नव्हतं. उदगीरला माझं मत विचारायची पद्धत नव्हती. भाजीत मीठ बरोबर आहे का, तेसुद्धा दुसरेच सांगायचे. मी अडखळत सांगितलं की त्या पिक्चरमधली बाई बाजारातून येते तेव्हा तिच्या हातातली पिशवी रिकामी असते. फुगवलेली असते, पण वजन नसतं. खांदा जरासुद्धा झुकत नाही. तू ऐकून घेतलंस, आणि मग सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणालीस, ‘ही बाई डेंजर आहे. हिच्यापासून सांभाळून राहा.’ त्या दिवसापासून लाईनवर मला कुणी मिस्टरांबद्दल विचारलं नाही. पिक्चर कसा होता, एवढंच विचारायच्या. हे तू केलंस. हे मी विसरलेले नाही, आणि राग आहे म्हणून नाकारणारही नाही.

घरी तू दत्ताला जाते म्हणून सांगायचीस. गुरुवार सोयीचा होता. पिशवीत फुलं न्यायचीस, येताना चौकातून पेढे घ्यायचीस आणि सासूबाईंच्या हातावर प्रसाद म्हणून ठेवायचीस. एकदा मी विचारलं, ‘देवाच्या नावावर खोटं बोलायला भीती नाही वाटत?’

‘त्याला तीन तोंडं आहेत,’ तू म्हणालीस. ‘एखादं तरी पडद्याकडं असंलच की.’

तुझे मार्क देण्याचे हिशेब वेगळे होते. रडू आलं की तीन मार्क तिथंच. गाणी चांगली असली की दोन. शेवट गोड असला की एक, आणि शेवट कडू पण बाई चांगली असली तर दोन. मी विचारायचे, चांगली म्हणजे काय? तू म्हणायचीस, म्हणजे चांगली. माझं उलटं होतं. मी बघायचे की ह्या घरात भांडी कोण घासतं. अख्ख्या पिक्चरमध्ये कुणीच घासत नसेल तर दोन मार्क कापायचे. विहिरीतल्या भुताच्या पिक्चरला मी सात दिले तेव्हा तू हसून हसून पुढच्या सीटवर डोकं टेकलंस. मी म्हणाले, अगं, ते भूत निदान सांगतं तरी की त्याला काय पाहिजे. मागून मंदाताई ओरडली, ‘बरोबर आहे, हिला आठ द्या.’ सकाळच्या त्या बसमध्ये झोपेतून उठून आलेल्या बायका आपलं भांडण ऐकायला जाग्या राहायच्या. काही जणींनी तर पिक्चर बघणं सोडून दिलं होतं. आपलं ऐकून त्यांचं भागायचं.

आणि मग तो पिक्चर आला.

नाव घेत नाही. त्यातल्या शिक्षकाच्या बायकोला मोठं दुखणं होतं आणि ती ते लपवते. मुलाचं लग्न ठरलंय, नवऱ्याची बढती आहे, सासऱ्यांचं पथ्य आहे. ती गोळ्या डाळीच्या डब्यात ठेवते. पोटाला पदर आवळून पुरणपोळ्या लाटते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी देवघरासमोर बसते ती तिथंच जीव सोडते. नवरा डाळीचा डबा उघडतो आणि वर सनई वाजते. तू ओढणीच्या दोन्ही टोकांनी डोळे पुसत होतीस. गारव्यात झोपायला आलेला माणूसही जागा होऊन रडत होता.

सकाळी बसमध्ये तू म्हणालीस, नऊ. तू तोवर नऊ कुणालाच दिले नव्हतेस.

मी म्हणाले, दोन.

‘दोन तरी कशाचे?’

‘एक गाण्याचा. एक थेटरातल्या खुर्चीचा.’

बस हसली. तू हसली नाहीस. ‘तुला दगडाचं काळीज आहे गं. तिनं कुणाला तरास दिला का? मरताना पण घराचं बघितलं.’

‘तिनं घराला फसवलं,’ मी म्हणाले. ‘तो नवरा आता जन्मभर डाळीचा डबा उघडताना मरणार. त्या मुलाच्या लग्नाचा वाढदिवस म्हणजे आईच्या वर्षश्राद्धाचा आदला दिवस. हा त्रास नाही? वेळेवर दवाखान्यात गेली असती तर काय बिघडलं असतं?’

‘मग पिक्चर कशाचा झाला असता?’

‘नसता झाला. बाई जगली असती.’

बायकांत दोन तट पडले. मंदाताई तुझ्या बाजूला गेली, मागच्या दोघी-तिघी माझ्या. आवाज चढले. मी म्हणाले, असल्या पिक्चरनं बायका मरतात. आणि तू, माझ्याकडं न बघता, खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, ‘तुला एकटीला राहायची सवय झालीय, शैला. घर म्हंजे काय ते तुला नाही कळायचं.’

कंपनीचं गेट आल्यावर मी सगळ्यांच्या आधी उतरले.

दुपारी कँटीनमध्ये तू तुझ्या डब्यातला मिरचीचा ठेचा माझ्या ताटात वाढलास. माफी म्हणायची तुझी ती रीत होती. मी खाल्ला. पुढच्या गुरुवारी आपण पुन्हा गेलो, दुसऱ्याच पिक्चरला. पण ते वाक्य तू परत घेतलं नाहीस आणि मी परत मागितलं नाही. आज विचारते. घर म्हणजे काय ते मला कळलं नसेल. तुला कळलं होतं ना? मग त्या घरात तुझ्यासाठी दवाखान्याची एक फेरी का बसत नव्हती?

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तू लाईनवरून सारखी बाथरूमला जायला लागलीस. लाईन लीडर कुरकुरला, तू त्याला काहीतरी सांगून गप्प केलंस. तुझा चेहरा पांढरा पडत चालला होता. बसची पायरी चढताना दांडा धरून थांबायचीस. मी विचारलं. तू म्हणालीस, पाळी जायचे दिवस आहेत, असंच होतं. मी म्हणाले, असं होत नाही, इतकं जात नाही कुणाचं, डॉक्टरला दाखव. तू म्हणालीस, ‘दाखवलंय. गोळ्या दिल्यात.’

‘कुठल्या डॉक्टरला?’

‘आहे एक. भोसरीला.’

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा विचारलं. चल, मी येते, मोठ्या दवाखान्यात जाऊ, रजा टाकते. तू चिडलीस. ‘सासूबाईंचा खुबा मोडलाय, ह्यांची ड्यूटी बदललीय, पल्लवीचं बघायचं चाललंय. माझं काय मधीच? म्हणलं ना गोळ्या चालू हाएत म्हणून.’ गुरुवारी मात्र तू पिक्चरला येत राहिलीस. काळा ड्रेस घालून यायचीस आणि खुर्चीवर आधी पिशवी अंथरायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, खुर्च्या घाण असतात.

भोसरीला कुठला डॉक्टर नव्हता. गोळ्याही नव्हत्या. हे मला तू लाईनवर कोसळलीस त्यानंतर कळलं. पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती दिवसांपासून अंगावरून जातंय? तू नवऱ्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं, आणि म्हणालीस, ‘झाले असतील थोडे दिवस.’ डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना असल्या उत्तरांची सवय असणार. आधी आला असतात तर, एवढंच म्हणाल्या आणि वाक्य सोडून दिलं. गर्भपिशवीचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला होता.

तेव्हापासून मी दर गुरुवारी दुपारी वॉर्डात यायचे. तू म्हणालीस, पिक्चर लाव. एक इअरफोन तुझ्या कानात, एक माझ्या. फोन मी धरायचे, कारण तुझ्या हाताला सुई होती. अर्ध्या तासात तू थकायचीस, मग उरलेला पुढच्या गुरुवारी. एक विनोदी पिक्चर आपण असा तुकड्या-तुकड्यांनी पाहिला. शेवटी तू म्हणालीस, सहा. मी म्हणाले, चार. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, पोरींनो, मला दिसला नाही पण तुमच्या हसण्यावरून पाच. तू हसलीस आणि हसताना पोट धरलंस. हा एक गुरुवार मी जपून ठेवला आहे.

पण त्याच दिवशी मी तुला ते विचारलं. विचारायला नको होतं असं कुणी म्हणेल. मला नाही तसं वाटत. तू मला वेड्यात काढलं होतंस, डोळ्यांत बघून भोसरीचा डॉक्टर रंगवला होतास. मी विचारलं, ‘रंजे, त्या शिक्षकाच्या बायकोच्या पिक्चरला आता किती देशील?’

तू वरच्या पंख्याकडं बघितलंस. मला वाटलं, आता बोलशील. एखादा मार्क तरी कमी करशील. मला त्या एका मार्कावर समाधान मानायचं होतं.

‘नऊच,’ तू म्हणालीस.

‘अजून?’

‘तुझे दोन तुझ्यापाशी ठेव.’

मग तू डोळे मिटून घेतलेस. मी फोन बंद केला. त्या क्षणी मला तुझ्या आजाराचा जेवढा राग आला नव्हता तेवढा तुझा आला. तू मरत होतीस आणि तुझं चुकलंय असं तुला वाटत नव्हतं. मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. घाबरली असशील. लाज वाटली असेल, तिथलं दुखणं कुणाला कसं सांगायचं. पण तू त्याला भीती म्हणाली नाहीस, लाज म्हणाली नाहीस. तू त्याला चांगुलपणा म्हणालीस, आणि मला रडूही दिलं नाहीस.

शेवटच्या आठवड्यात तुझ्या कमलवन्सं गावाकडून येऊन राहिल्या होत्या. त्या दुपारी त्या थर्मासमधून तुला चमच्यानं पेज भरवत होत्या आणि मी पायापाशी बसले होते. पल्लवी नोकरीसाठी घेतलेल्या तिच्या मारुंजीच्या खोलीवर आंघोळीला गेली होती, तुझे मिस्टर खाली औषधांच्या रांगेत. तू चमचा बाजूला सारलास आणि म्हणालीस, ‘वन्सं, पल्लीचं वर्षाच्या आत उरकून टाका. तो नारायणगावचा मुलगा बरा आहे. तिचं ऐकत बसू नका.’ कमलताईंनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, ‘तू काळजी करू नको. तुझा शब्द म्हणजे शेवटचा.’ पल्लवीनं तुला तीनदा सांगितलं होतं की तिला तो मुलगा नको, आत्ता लग्नच नको. तुझ्यासमोर रडली होती ती. हिंजवडीला नोकरी लागून तिला दोन वर्षंही झाली नव्हती. शेवटच्या त्या दिवसांत तिच्याबद्दल तू एवढं एकच बोललीस. दुसऱ्या दिवसापासून तुझं बोलणं कळेनासं झालं.

तू गेल्यावर तुझ्या घरी गेले. जिन्यापर्यंत चपला होत्या. सासूबाई खाटेवरून येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, ‘गुरुवार म्हणून चुकवला नाही बाईनं. ऊन असो, पाऊस असो, दत्ताला जाणार म्हणजे जाणार. त्यानं तरी बघायला नको होतं का?’ मंदाताईनं माझ्याकडं बघितलं आणि मी उठून गॅलरीत गेले. मला हसू आलं होतं. तोंडावर ओढणी धरून हसले, आणि खालून बघणाऱ्यांना वाटलं की मी रडतेय. त्या पेढ्यांसाठी तुला माझ्याकडून काय पाहिजे ते मागून घे.

भाऊजी तिथंच आले. तुझे सुभाषराव. दाढी वाढलेली, अंगात कंपनीचाच शर्ट. कठड्याला टेकून म्हणाले, ‘शैलाताई, तुम्हाला माहीत होतं का ओ?’

‘नाही. मला खोटं सांगितलं होतं तिनं.’

‘मलापण नव्हतं. शपथ घेऊन सांगतो. मला काहीच कळलं नाही.’

‘मला माहीत आहे,’ मी म्हणाले.

त्यांचा चेहरा जरा सैल झाला. त्यांना धीर आला. मी ते धीर द्यायला म्हटलं नव्हतं. एका खोलीत झोपणाऱ्या माणसाला महिनोन् महिने काही कळत नाही, बादलीत भिजत टाकलेले कपडे दिसत नाहीत, बायको पायरी चढताना थांबते ते दिसत नाही, ह्यावर माझा पूर्ण विश्वास होता. माणूस वाईट नाही. तुझ्या औषधासाठी धावला, पाय दाबले, शेवटी तुला उचलून न्हाणीत नेत होता. कळल्यावर सगळं केलं. तू त्याला कळायची संधी दिली नाहीस, आणि त्यानं ती शोधली नाही. दोघांनी मिळून ते घर चालवलं.

दहाव्याला मी सकाळी घाटावर आले नाही. दुपारी जेवायला आले, कारण पल्लवीनं फोन केला होता. पंगत उठली होती. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर सगळे नातेवाईक बसले होते, पानसुपारी चालली होती. नारायणगावच्या मुलाचे काका मुद्दाम आले होते. कमलताईंनी विषय काढला. वर्षाच्या आत कार्य करायला हवं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल, असं म्हणाल्या. आणि मग, ‘आमच्या रंजनाची शेवटची इच्छाच ती होती. पेज घेता घेता म्हणाली, वन्सं, पल्लवीचं उरकून टाका.’

पल्लवी स्वयंपाकघराच्या दारात ताटं हातात घेऊन उभी होती. मेलेल्या आईशी भांडायचं कसं? खरकटी ताटं होती, ती खाली ठेवायचंही तिला सुचत नव्हतं.

सुभाषराव म्हणाले, ‘मला नाही बोलली कधी.’

‘तू खाली होतास औषधाला,’ कमलताई म्हणाल्या. ‘शैला होती की तिथं. तिच्या समोरच म्हणाली. सांग गं शैला.’

सगळे माझ्याकडं वळले. काका, सासूबाई, दारातली पल्लवी. रंजना, मी तुझा विचार केला. तुझ्यासाठी खरं सांगावं, हा विचार केला. आपण पाहिलेल्या कितीतरी पिक्चरांत मरणारी बाई कुणाचा तरी हात कुणाच्या तरी हातात देऊन जाते, आणि मग पुढची सगळी माणसं तिच्या त्या एका वाक्याला जन्मभर बांधून घेतात. तू रडायचीस अशा वेळी. तीन मार्क तिथंच.

मी म्हणाले, ‘नाही. असं काही म्हणाली नाही.’

‘अगं, तू पायाशी बसली होतीस.’

‘बसले होते. तिचं बोलणं तेव्हा कळत नव्हतं. लग्नाचं नाव मी तरी ऐकलं नाही.’

‘म्हणजे मी खोटं बोलते?’

‘तुमचं तुम्ही बघा.’

कमलताई खरं बोलत होत्या, आणि चारचौघांत मी त्यांना खोटं पाडलं. त्यांनी तुला पेज भरवली होती. मला त्यांची दया येत नव्हती असं नाही. काकांनी सुपारी खिशात ठेवली. सुभाषराव सतरंजीची किनार बोटानं सरळ करत बसले, मग म्हणाले, ‘राहू द्या. आत्ता नको हा विषय. पोरीला विचारल्याशिवाय नको.’ आणि विषय तिथं थांबला. किती दिवस थांबेल माहीत नाही. पण त्या दिवशी थांबला.

तू असतीस तर बसमध्ये माझ्याशेजारी पुन्हा बसली नसतीस. सगळ्यांसमोर म्हणाली असतीस, घर म्हणजे काय ते हिला कळत नाही. म्हण. मी तुझा शब्द मोडला, तुझ्या घरात बसून, तुझ्याच दहाव्याला. मला त्याचं वाईट वाटत नाही. तू स्वतःचं जे केलंस ते मला अडवता आलं नाही. तिचं अडवता आलं.

मी निघाले. जिन्यात पल्लवी मागून धावत आली. हात ओलेच होते.

‘मावशी, आई खरंच असं म्हणाली नाही ना?’

तिलाही मी खोटंच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर ते तिच्या डोक्यात राहिलं असतं, आणि पुढं कधीतरी एकटी असताना तिनं स्वतःच ते पाळलं असतं. ‘नाही बाळा,’ म्हणाले. तिनं मोठा श्वास सोडला. भिंतीला टेकली. मला वाटलं, सुटली.

मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ती म्हणाली, ‘म्हणजे शेवटी शेवटी माझ्याबद्दल ती काहीच बोलली नाही?’

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडत होती आणि वरून कुणीतरी तिला चहाचे कप कुठं आहेत ते विचारत होतं. काय सांगणार होते मी तिला, रंजना? की आईनं तुझं नाव घेतलं होतं, आणि ते एवढ्यासाठीच घेतलं होतं?